चिरेखाणीतलं पाणी

आंबा उतरवायच्या दिवसांत झेल्याने किडे पकडणारा जावई सगळ्या कर्ला गावात माझ्याच वाट्याला आला आहे. शेजारणींचे जावई काय काय करतात ते मला ठाऊक आहे. एक दारात पाऊल टाकताच कोंबडी मागतो. एक सासऱ्याचा कोट घालून मुंबईला गेला, तो कोटासकट तिकडेच राहिला. पण किडे कुणाचा जावई पकडत नाही.

कलमांवर फळ तयार होऊन लोंबत होतं. अशा वेळी उशीर केला की कावळ्यांची ईद. मी सकाळी बागेत गेले तर काशीराम गडी झाडाखाली तंबाखू मळत बसलेला.

"काय रे काशीराम, हातांना मेंदी लावलीस काय?"

"मी काय करू अम्मा? झेला जावईबापूंनी नेलानी."

झेला म्हणजे लांब बांबूच्या टोकाला कडं आणि कड्याला जाळी. आंबा देठासकट तिच्यात उतरतो, सालीवर चीक सांडत नाही, फळाला मार बसत नाही. झेल्याशिवाय काशीराम म्हणजे होडीशिवाय कोळी. मी तरातरा घराच्या मागच्या अंगाला गेले. तिथे अयूब लुंगी गुडघ्यावर खोचून हौदाच्या काठाने बगळ्यासारखा पाय उचलत चालला होता. झेल्याची जाळी त्याने सोडली होती आणि तिच्या जागी माझी मलमलची ओढणी शिवली होती. पाण्यालाही कळू नये अशा हाताने तो ती वरच्यावर फिरवत होता. मग झेला बाहेर घेतला, जास्वंदीखाली बसला आणि ओढणीतून एकेक जीव वेचायला लागला. भिजलेल्या पाकोळ्या, एकमेकींना घट्ट धरून तरंगणाऱ्या तांबड्या मुंग्यांचा गोळा, एक हिरवा भुंगा. मेलेले एका बाजूला, जिवंत जास्वंदीच्या पानांवर.

"अयूबमियां, मुंग्यांचा दवाखाना कधी उघडलात?"

"फुफी, हळू बोल," तो मान वर न करता म्हणाला. "हा अजून पाय हलवतोय."

मी आल्या पावली काशीरामकडे गेले आणि म्हटलं, आज खरंच मेंदी लाव.

अयूब माझ्या भावाचा मुलगा. माझ्या मांडीवर खेळलेला, म्हणून मी सासू झाले तरी त्याला फुफीच, आणि तो मला अजून तू म्हणतो. माझी हमिदा त्याला दिली तेव्हा तो मोम्बासाला होता. लोकांची मुलं आफ्रिकेत दुकानं घालतात, हा गोऱ्या साहेबांच्या क्लबात पोहायच्या हौदाची निगा राखायचा. म्हणजे पाण्याला झाडू मारायचा. लग्न झालं आणि हमिदा त्याच्याबरोबर गेली. फळीवरून धावत बोटीत चढली होती पोर, मी खालून ओरडत होते की पदर सांभाळ. परत आली ती त्याच्या पाठीवर बसून. तिकडे ताप आला होता. ताप गेला, पण जाताना पायांतला जीव घेऊन गेला. पाय होते जिथल्या तिथे, गोरे, सुरेख, आणि तिचं काही ऐकत नव्हते.

मिरजेच्या डॉक्टरने तिला पाहिलं. म्हणाला, बाटलीतलं औषध माझ्याकडे नाही. हिला पाण्यात उभी करा. पाण्यात अंगाचं ओझं राहत नाही. तिथे पाय हलले तर शिकतील, नाहीतर विसरतील ते कायमचे.

सांगायला काय जातं? आम्ही समुद्राच्या उंबऱ्यावर राहतो हे खरं, पण आमच्या घरच्या बायका समुद्रात उतरत नाहीत. कालवं काढणाऱ्या खाडीत जातात त्या गुडघाभर. मी तेवढीही कधी गेले नाही. माझा सासरा, दीर, नवरा सगळे पाण्यावर जगले. सासरा आणि दीर घरी येऊन मेले. नवऱ्याचा मचवा एकदा गेला तो गेला. त्या दिवसापासून मी पाण्याशी बोलणं टाकलं. हंड्यातल्या पाण्याशी माझं काम, बाकीच्याशी नाही. आणि लाटेत धडधाकट माणूस उभा राहत नाही, तिथे या पोरीला कुठे उभी करणार?

घरामागे चिऱ्याची जुनी खाण आहे. या घराचा चिरान् चिरा त्या खड्ड्यातून निघालेला. बाजू सुरीने कापाव्यात तशा सरळ, आणि चिरेवाल्यांनी उतरायला ठेवलेल्या पायऱ्या एका कडेला. पावसाळ्यात भरायची, थंडीत आटायची, आम्ही नारळाची सोडणं टाकायचो तिच्यात. अयूबने ती उपसली, घासली, सिमेंटचा गिलावा केला, वर चुन्याचा हात मारला आणि खाणीचा हौद केला. विहिरीपासून पोफळीच्या पन्हळी लावून पाणी आणलं. माडांना दोर बांधून जुनी शिडं चहूकडून लावली, कुणाची नजर आत जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, करू दे. रिकाम्या हाताने परत आलाय, हातांना काहीतरी हवं.

पाणी भरलं त्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत आडवी झाले होते. डोळे मिटतायत तोच सगळं छप्पर हलायला लागलं. वाशांवरून, कौलांच्या पोटावरून उजेडाच्या साखळ्या सरकत होत्या, सुटत होत्या, पुन्हा जुळत होत्या. इतकी वर्षं जी खोली खोलीसारखी गप्प उभी होती, ती हळूहळू नांगर उचलून निघाली असं वाटलं. मला उठून खिडकी लावायची होती. उठले नाही. अंगात कसलीशी गोड सुस्ती आली होती, आणि हौदातून हमिदाच्या हसण्याचा आवाज येत होता. आफ्रिकेहून आल्यापासून ती हसल्याचं मला आठवत नव्हतं. मी तशीच पडून राहिले, आणि घर असरची अजान होईपर्यंत माझ्यासकट तरंगत राहिलं.

तरी पण मी त्या शिडाच्या आत गेले नाही. कुणाला वाटेल म्हातारी भुलली.

अयूबचं पाण्याचं वेड मात्र वाढत चाललं. त्याच्याकडे मोम्बासाहून आणलेली एक लाकडी पेटी होती. तिच्यात काचेच्या नळ्या आणि एक काळी बाटली. रोज सकाळी किडे वेचून झाले की तो नळीत हौदाचं पाणी घ्यायचा, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचा आणि नळी उन्हात धरून सोनाराने नथ पाहावी तशी एक डोळा मिटून पाहत बसायचा. पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळसर झालं की खूश. पांढरंच राहिलं की पांढऱ्या पावडरीचा डबा उघडायचा आणि बादलीत कालवून हौदात सोडायचा. सगळ्या अंगणाला धोब्याकडच्या कपड्यांसारखा वास.

"यात कळतं काय तुला?" मी एकदा विचारलं.

"पावडर पाण्यात शिल्लक आहे की संपली ते. शिल्लक असली तर पाण्यात काही जगत नाही. हमिदाच्या अंगाला काही व्हायला नको."

"पाण्याची परीक्षा मला शिकवू नको. मी या घरात आले तेव्हा सासूने चार विहिरींचं पाणी माझ्यापुढे ठेवलं होतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ मेणासारखी शिजते ते पाणी चांगलं. ज्यात दाणा अख्खा राहतो ते वाईट. संपली परीक्षा."

"हे पाणी प्यायचं नाहीये, फुफी. यात पोहायचंय."

"तोंड तर उघडंच असतं ना पोहताना?"

मी तांब्याभर पाणी नेलं आणि डाळ चढवली. डाळ शिजली. झकास शिजली, पण तिला असा वास की मांजरानेही तोंड फिरवलं. अयूबपुढे मी ताट ठेवलं. बिचारा भातात कालवून सगळी जेवला, बोट चाटलं आणि म्हणाला, "मीठ थोडं कमी आहे." हमिदा पलंगावर बसल्या बसल्या एवढी हसली की तिला ठसका लागला. असा हा माणूस. त्याच्याशी भांडायचं म्हणजे कापसाला मुसळ मारायचं.

त्यातच गावात कुजबूज सुरू झाली. आमच्या खड्ड्यातून डास होतात म्हणे. हिवतापवाले पंप घेऊन घरोघरी फवारत फिरत होते. त्यांच्या कानावर जाईल आणि ते येऊन हौदात काळं तेल ओततील, असं काशीरामची बायको मथुरा सांगत आली.

"तेल कशाला?" मी म्हटलं. "अगं, विहिरीत आपण काय करतो?"

आमच्याकडे नवी विहीर खणली की तिच्यात आधी जीव सोडतात. कुणी कासव सोडतं, कुणी मासे. ते डासांची पिल्लं खातात, आणि ते फिरताना दिसले की पोहऱ्याने पाणी काढणाऱ्या बाईला धीर असतो. ज्या दिवशी मासा उलटा दिसेल त्या दिवशी त्या विहिरीला हात लावायचा नाही, मग लहान पोर तहानेने रडू दे. हा हौद भरला तेव्हा कुणी त्यात काही सोडलं नव्हतं. मुकं पाणी. माझ्या मनाला ते टोचतच होतं.

अयूब तरीच्या होडीतून खाडीपलीकडे बाजारात गेला होता. मथुराने व्हाळाच्या वाहत्या पाण्यातून कळशीभर मासे धरून आणले, बोटाएवढे, पाठीवर चंदेरी रेघ असलेले. पहिल्यांदा मी शिडाच्या आत गेले ती तेव्हा. कळशी पाण्याला टेकवून तिरकी केली. मासे क्षणभर तोंडाशी थांबले, मग मूठभर नवी नाणी कुणी पाण्यात भिरकावावीत तसे पसरले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता हे पाणी आपलं झालं.

अयूबला मी सांगितलं नाही. माझ्या घरात मी काय करते ते मी कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजरच्या नमाजनंतर तो नेहमीप्रमाणे नळी घेऊन बसला, नळीतलं पाणी पांढरं दिसलं, तळाशी गेलेले मासे दिसले नाहीत, बाजारातून आणलेला नवा डबा फोडला आणि पावडर सोडून चहा प्यायला आला. ऊन वर आल्यावर मी माशांना भाताची शितं घेऊन गेले. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. पांढरी पोटं, मोगऱ्याच्या पाकळ्या पडल्यासारखी, आणि वारा त्यांना हळूहळू एका कोपऱ्यात नेत होता.

मी जो आवाज काढला तो म्हणे राजीवड्याच्या बंदरावर ऐकू गेला.

"माझ्या पोरीला विषात बुडवतोस? रोज? माझ्या डोळ्यांदेखत?"

अयूब धावत आला, मासे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. "कुणी सोडले हे?"

"ते विचारू नको! मेले कशाने ते सांग!"

"फुफी, पावडरीने मासा मरतो. त्याचे कल्ले नाजूक असतात. माणसाला त्या पावडरीचं काही होत नाही. तू सांगितलं असतंस तर मी..."

"ज्या पाण्यात मासा जगत नाही त्यात माझी मुलगी उतरणार नाही."

"ज्या पाण्यात मासा जगतो त्यात किडाही जगतो, आणि डोळ्यांना न दिसणारंही खूप काही जगतं. तेवढ्यासाठीच तर..."

"मोम्बासातलं शहाणपण मोम्बासात! तिथूनच आणलास ना तिला पाठीवर घालून?"

हे बोलायला नको होतं की हवं होतं ते मी सांगणार नाही. बोलले एवढं खरं. अयूबने झेला घेतला, एकेक मासा उचलला, माडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरला. ओढणी उसवून धुतली, वाळत घातली, झेल्याला जुनी जाळी बांधून काशीरामला नेऊन दिली. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "पुढच्या बोटीने मी मुंबईला जातो. तिथे क्लब आहेत, हौद आहेत. कुठेतरी ठेवतील. खोली मिळाली की हमिदाला नेईन."

"त्या हौदात हमिदाला उतरू देतील?"

"नाही," तो म्हणाला. "ते साहेबांचं पाणी."

"मग ती काय करील तिथे?"

हमिदाने ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

बोट यायला अवकाश होता. हौद तसाच राहिला. कुणी किडे वेचले नाहीत, कुणी नळी उन्हात धरली नाही. पावडरीचा वास उडून गेला, आणि त्या पाण्याने हळूहळू रंग घेतला, आधी काकडीच्या पाण्यासारखा, मग कोवळ्या पोपटी पानासारखा. दुपारच्या वेळी सगळं गाव निजलं की मी शिडाच्या आत जाऊन बसायला लागले. का जायचे मला माहीत नाही. माडांच्या झावळ्या वरून सावली ढवळायच्या. निवळ्या आपल्या लांब पायांवर पाण्याच्या कातडीवरून अशा सरकायच्या की पाण्याला जेमतेम खळी पडायची. लाल चतुर यायचा, शेपटीचं टोक पाण्याला लावायचा, उचलायचा, पुन्हा लावायचा, जणू काही शिवत होता. डासांची पिल्लं उलटी लोंबकळत वळवळायची. कुठून आला कोण जाणे, एक बेडूक पायरीवर बसून माझ्याकडे असा पाहायचा की घर त्याचं आणि पाहुणी मी. डोळे उघडे ठेवून मी कधी निजायचे ते कळायचं नाही. वाटायचं, पाणी चढत चढत माझ्या पायाशी आलंय, माझ्याशी काहीतरी बोलायचंय त्याला, आणि मीच ऐकत नाहीये.

मी मनात म्हणायचे, बघ अयूब, याला म्हणतात जिवंत पाणी.

एका दुपारी हमिदा म्हणाली, मलाही ने. मी तिला पाठुंगळीला घेतलं. केवढीशी झाली होती पोर. काठावर चटई टाकून तिला बसवलं, तिचे पाय सरळ केले. ती बराच वेळ निवळ्यांकडे पाहत राहिली.

"अम्मा, या पाण्यात सगळ्यांना जागा झाली ग," ती म्हणाली. "बेडकाला, किड्यांना, डासांना. एक मी सोडून."

"ते पाणी विषारी होतं, बेटा."

"तुला काय माहीत? तू बोट तरी बुडवलंस कधी त्यात? मी रोज असायचे आत. तिथे मला पाय असायचे, अम्मा. थोडे थोडे. इथे तू तेल लावतेस तेव्हा नसतात." तिने स्वतःच्या मांडीवर चापट मारली, दुसऱ्याच्या वस्तूवर मारावी तशी. "अयूब गेला की मी पलंगावरून छप्पर बघत राहीन. मग तू विहिरीत हवे तेवढे मासे सोड."

मला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. माझ्या सासूचीसुद्धा टाप नव्हती. उन्हाची एक तिरीप शिडाच्या भोकातून पाण्यावर पडली होती, तिच्यात धुळीसारखे चिमुकले किडे वरखाली करत होते. ती म्हणाली ते खरंच होतं. मी डाळीला विचारलं होतं, माशांना विचारलं होतं. पोरीला विचारलं नव्हतं.

अयूब ओसरीवर ट्रंकेला दोर बांधत होता.

"ट्रंक मागाहून बांध," मी म्हटलं. "आधी हौद धुवून घे."

"कशाला फुफी? आता कोण..."

"मी उतरणार आहे."

त्याच्या हातातून दोर सुटला. "तू?"

"का, मला अंग नाही? तुझं पाणी मला मारतंय की तारतंय ते मी बघते. माझ्यानंतर हमिदा. त्याआधी नाही."

हौद उपसला, घासला, बेडकाला मी स्वतः पदरात धरून व्हाळात सोडून आले. पन्हळीतून पुन्हा विहिरीचं पाणी आलं. अयूबने पावडर टाकली आणि नळी घेऊन बसला. मी जुनी सुती साडी नेसून, पदर कमरेला करकचून बांधून ओसरीवर तयार. तो आला आणि मला नळी दाखवली. पाणी गर्द पिवळं, जवळजवळ हळदीसारखं.

"आज नाही. पावडर जास्त आहे, उन्हाने उडू दे. डोळे चुरचुरतील तुझे."

"मी नटून बसले आणि आता पाण्याला मुहूर्त नाही?"

"नाही," तो म्हणाला. आणि मी, जिला या घरात कुणी नाही म्हणत नाही, ती निमूट उठून साडी बदलून आले.

मग एके दिवशी दुपारी जोहरच्या नमाजनंतर त्याने पुन्हा नळी आणली. लिंबाच्या सालीचा रंग. फिकट, स्वच्छ. मी उठले. अयूबने हमिदाला उचलून वरच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः शिडाच्या पलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

बिस्मिल्ला म्हणून मी पहिली पायरी उतरले. पाणी घोट्यांना लागलं आणि मला घरच्या सगळ्या गेलेल्या माणसांची नावं आठवली. दुसरी पायरी. तिसरी. साडी फुगून माझ्याभोवती वर आली, वारा भरलेल्या शिडासारखी. मी ती खाली दाबत होते आणि ती पुन्हा वर येत होती.

"फुफी, कमरेपर्यंत गेलीस?" पलीकडून आवाज.

"तुला काय करायचंय माझ्या कमरेशी?"

"श्वास घे. आता मागे रेल आणि झोप."

"कशावर?"

"पाण्यावर."

"पाण्यावर काय तुझ्या बापाने गादी घातलीय?"

"माझा बाप तुझाच भाऊ, फुफी. त्याने कधी कुणाला गादी घातली नाही. झोप तू."

हमिदा खुदखुदत पायरीवरून सरकत खाली आली, छातीपर्यंत पाण्यात. "मान माझ्या हातात दे, अम्मा. मी आहे." जिला मी पाठीवर वाहत होते तिने माझं डोकं तळहातांवर घेतलं. मी डोळे मिटले आणि रेलले. अल्ला, पडले, असं वाटलं. पण पडले नाही. पाय आपोआप वर आले. कान पाण्याखाली गेले आणि जग बंद झालं.

आतून काय ऐकू येतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आपलाच श्वास, लांबून येणाऱ्या वल्ह्यांसारखा. त्याच्याही मागे एक घुमणं, विहिरीचं असेल, खाडीचं असेल, समुद्राचं असेल. डोळे उघडले तर माडांचे शेंडे वर्तुळ करून माझ्यावर वाकलेले, आणि मधे आभाळाचा तुकडा, दुसऱ्या एका हौदासारखा. त्यात एक चतुर थांबला होता. उडत नव्हता, नुसता थांबला होता. माझं वजन कुठे गेलं होतं कोण जाणे. माझे गुडघे दुखत नव्हते. माझं वय झालं नव्हतं. मचवा घेऊन गेलेला माझा नवरा मला आठवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आठवणीत मला थंडी वाजली नाही. वाटलं, शेवटी त्यालाही असंच उचलून धरलं असेल कुणीतरी. मी किती वेळ तशी होते ते मला विचारू नका. मी त्या वेळेच्या आत नव्हते.

मग काहीतरी माझ्या कमरेला लागलं. हळूच. पुन्हा लागलं. मासा, असं मनात आलं, आणि मी दचकून उभी राहिले, नाकातोंडात पाणी.

"मी आहे, अम्मा," हमिदा म्हणाली. ती दोन्ही हातांनी पायरी धरून पाण्यात आडवी झाली होती. "मीच लाथ मारली."

"खोटं बोलू नको."

"बघ."

मी पाण्याखाली हात घालून तिचं पाऊल धरलं. या पावलांना मी खोबरेल तेल चोळत आले होते, ती माझ्या हातात लाकडाच्या पट्ट्यांसारखी पडून असायची. तळव्याला तळहात लावला. "मार," मी म्हटलं. तिने ओठ चावला. आधी काही नाही. मग अगदी आत कुठेतरी दोर ताणल्यासारखं झालं, आणि तिच्या पावलाने माझा हात ढकलला. एवढासाच. वासराने आईच्या पोटातून मारावं तेवढा. मी पुन्हा हात धरला. तिने पुन्हा ढकलला.

शिडाच्या पलीकडे वाळलेली झावळी करकरली. अयूब उठून उभा राहिला असावा.

मी हमिदाचं पाऊल सोडलं नाही. दुसऱ्या हाताने नाक शिंकरलं, डोळ्यांतलं पाणी पुसलं, हौदाचं होतं ते, आणि शिडाच्याच काय, खाडीच्याही पलीकडे जाईल अशा आवाजात सांगितलं:

"अयूब, ट्रंकेचा दोर सोड. माझे मासे तू मारलेस ते मारलेसच, त्यातलं मी काही माफ केलेलं नाही. माणूस तू हट्टी, आणि जावई म्हणून अगदीच सुमार. पण पाणी तुला कळतं. हिचा पाय तुझ्या पाण्यात हललाय. तो जमिनीवर हलेपर्यंत तू या घरातून हलायचं नाहीस, आणि त्यानंतर हलायचं की नाही तेही मीच सांगेन!"